वरची माती

३ जुलै

वहिनी,

नमस्कार. तुम्ही घर सोडून गेल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. हे शेजारी खाटेवर पडलेत आणि काय लिहायचं ते सांगतायत, म्हणून अक्षर जरा घाईचं आलंय.

हे म्हणतात, झालं गेलं विसरून जावं, एकाच घरातली माणसं आपण. दीर म्हणजे काही परका माणूस नव्हे. आणि थोरले असते तर त्यांनाही हेच वाटलं असतं.

काम असं आहे की उतारावरच्या शेतात तंबाखू धरत नाही. गेल्या वर्षी पानं खालून पिवळी पडत गेली, वाळल्यावर कागदासारखी झाली. पारखी आला, एक पान उचललं, परत ठेवलं आणि पाणीसुद्धा न घेता गाडीत बसला. जाताना एवढंच म्हणाला की या घरचं पान आहे म्हणून आणखी एक वर्ष बघतो. तो फिरकला नाही तर बाकीचे खरेदीवाले उंबऱ्याला पाय लावणार नाहीत. सगळे त्याच्या तोंडाकडे बघून बोली लावतात, हे तुम्हाला मी काय सांगावं?

खत कोणतं, केव्हा, कसं, हे या घरात तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तेवढं कळवावं. हे म्हणतात, जमीन आहे तशीच आहे, फक्त जरा थकलीये.

तुमची,
धाकटी


११ जुलै

धाकटे,

जमीन थकलीये म्हणे. तुझ्या मालकाला सांग, मी दूर आले, मेले नाही. इथे गोदामात पानं निवडायला माझ्या शेजारी जी बसते ती तुमच्या खालच्या वस्तीतली. तिने मला सगळं सांगितलंय. वीटभट्टीचे ट्रक अख्खा उन्हाळा येत होते आणि वरची माती खरवडून नेत होते. त्याच विटांचं दुमजली घर उभं राहिलं, तेही कळलं. गच्चीला नक्षीचा कठडा आहे म्हणे. छान.

मी लग्न होऊन आले तेव्हा तो उतार म्हणजे नुसती वाळू होती. कुणी फुकट घेत नव्हतं. तळ्याचा गाळ मी डोक्यावरून वाहिला. मेंढपाळाच्या मिनतवाऱ्या करून लेंडीखतासाठी कळप रानात बसवले. शेणखत पुरतं कुजल्याशिवाय रानात जाऊ दिलं नाही, चुलीची राख चाळून टाकली. एका वर्षात नाही झालं हे, माझे केस पांढरे झाले तेव्हा झालं. तेव्हा कुठे पारखी आपलं पान पेटवायचा आणि त्याची लाल कड सरसर टोकापर्यंत जायची, मागे पांढरी राख तशीच धरून राहायची. गाळाने माती चिकट झाली म्हणून तर तिची वीट झाली. नाहीतर वाळूची कुणी वीट पाडतं का?

आणि ती माती कुणाची, यावर तुझा मालक काय म्हणाला होता? माझा नवरा जाऊन महिना झाला नव्हता. अख्ख्या गल्लीसमोर म्हणाला, "माती आमच्या बापाची. तू नुसतं शेण वाहिलंस." तू दारातच होतीस. एक अक्षर बोलली नाहीस. माझी ट्रंक उचलून बाहेर कुणी ठेवली? तूच ठेवलीस, आणि वर तिची कडीही नीट लावलीस.

नव्या घरात पाळण्यासाठी छताला हूक बसवलाय असंही ऐकलं. टांगा पाळणा. पोराला सांगा, बाळा, ही भिंत तुझ्या मोठ्या काकूच्या डोक्यावरून आलीये.

खताचं दुकानात विचारा. मी नुसतं शेण वाहिलं, मला काय कळतंय त्यातलं.

थोरली


२० जुलै

वहिनी,

तुमचं पत्र वाचून दाखवलं. ह्यांना चष्मा लावायचा कंटाळा, त्यामुळे पत्रं मीच वाचते, हे पडल्या पडल्या ऐकतात. "वहिनींची तब्येत बरी आहे, शेताची आठवण काढतात, खताचं सवडीने कळवते म्हणतात" एवढंच वाचलं. बाकीचं माझ्यापाशी राहिलं. आज हे बाजारात गेलेत म्हणून मोकळं लिहितेय.

ट्रंक मीच बाहेर ठेवली. त्यावर मी काय बोलणार? हुकाचं लिहिलंत तेही वाचलं.

माती आता मुठीत उचलली की बोटांतून गळते. पाणी दिलं तर क्षणभर उभं राहत नाही, सरळ खाली जातं, आणि त्याच्याबरोबर घातलेलं खतही जातं. वाफ्यात रोपं तयार होतायत. लावणीच्या आत तुमचं उत्तर आलं नाही तर यंदाचंही गेलंच म्हणायचं.

पाया पडते, लिहा. आणि सविस्तर लिहा. माझ्या बोलण्यावर ह्यांचा कवडीचा विश्वास नाही, मी सांगितलं की हे बरोबर उलटं करतात. पण तुमच्या पत्रातलं म्हटलं की मान डोलावतात. ज्या बाईला हाकललं तिच्याच नावाची आता घरात शपथ चालते. मला याची फार गंमत वाटते.

धाकटी


२ ऑगस्ट

प्रिय धाकटी,

मागच्या पत्रात मी फार तोडून बोलले. वय झालं की जीभ सुटते. तू मनावर घेऊ नकोस. भाऊजींनाही माझा नमस्कार सांग. राग किती दिवस उशाशी घेऊन झोपायचं? शेवटी घरचं नाव ते आपलं सगळ्यांचं नाव.

मी इथे बरी आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली आहे. खाली दिवसभर हवा भरण्याचा फुसफुस आवाज चालतो, मला त्याने झोप चांगली लागते. गोदामात आम्ही बायका ओळीने बसतो, शिंकत शिंकत पानं निवडतो. मुकादम म्हणतो, तुम्ही पान न बघता नुसतं बोटाने ओळखता. ओळखणारच की.

आता खताचं. भाऊजींना हे नीट वाचून दाखव.

हलक्या मातीत सगळं खत एकदम टाकायचं नाही, ते धुऊन जातं. थोडं थोडं करून, रोपाच्या बाजूला चर काढून द्यायचं. शेणखत लावणीच्या आधी, आणि पुरतं कुजलेलं. ते घालाल तेव्हा हात लावून बघा, गरम लागलं तर ठेवून द्या.

खरं काम पोटॅशचं. अशा उपाशी जमिनीला तेच लागतं. लाल दाण्याचं मिळतं ते आणा. दुकानदार पांढऱ्या पुडीचं महागडं गळ्यात मारायला बघेल, त्याच्या नादी लागू नका. लालच. आणि हात आखडता घेऊ नका. लावणीला एकदा, रोप गुडघ्याला लागलं की एकदा, शेंडा खुडायच्या वेळी पुन्हा. पान असं रुंदावेल की बघत राहाल.

मनापासून सांगतेय. यंदा पारखी तुमच्या दारात थांबेलच.

तुझी,
थोरली


२४ ऑक्टोबर

वहिनी,

लावणी झाली. तुमचं पत्र ह्यांनी माझ्याकडून कितीतरी वेळा वाचून घेतलं. आता देवापुढे ठेवावं तसं फळीवर ठेवलंय. पाहुणे आले की म्हणतात, वहिनींनी स्वतः कळवलंय.

लावणीचं खत मीच घातलं. हे बांधावर उभे होते. लाल दाणे हाताला लागले की भेगांमध्ये झोंबतात, जीभ लावून बघितली तर खारट लागले.

एक अडचण आली. दुसऱ्या वेळेसाठी पोती आणायला गेलो तर खतवाला हात जोडून म्हणाला, "गव्हाला न्या, उसाला न्या, तंबाखूला हे नेऊ नका." ह्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी पोती तिथेच ठेवली आणि घरी येऊन मला म्हणाले, वहिनीला विचार.

तर लाल खताचं पुन्हा एकदा लिहा. अगदी स्पष्ट लिहा, लाल म्हणजे लालच, असं. तुमच्या अक्षरात असलं म्हणजे मग कुणाचं चालणार नाही.

धाकटी


१ नोव्हेंबर

धाकटे,

किती वेळा सांगायचं गं तुला? एवढी वर्षं त्या घरात राहिलीस आणि डोळे कुठे ठेवले होतेस कोण जाणे. तुझं लक्ष कायम दुसरीकडे.

लाल म्हणजे लालच. खतवाल्याने आयुष्यात कधी तंबाखूचं एक रोप लावलंय का? त्याच्या दुकानात पांढरं पडून असणार, ते खपवायचंय त्याला. भाऊजींना म्हणावं, त्या घरचं पान कुणी उभं केलं, मी का त्याने? मग त्याचं ऐकता कशाला?

पोती आणा आणि घाला. ठरल्यापेक्षा थोडं जास्तच घाला, उशीर झालाय.

थोरली


९ डिसेंबर

वहिनी,

पीक बघायला माणसं येतायत. पानं एवढी मोठी की दोन हातांत मावत नाहीत. जाड आहेत, चकचकीत आहेत, कडा वरच्या अंगाला वळल्यात, आणि वाकवायला गेलं की कट्कन मोडतात. असं पान तुमच्या वेळीही नव्हतं, असं हे सगळ्यांना सांगतात. खतवाल्याला तर भर बाजारात वेड्यात काढून आले. आता तुमचं नावही जरा कमी झालंय. काल एकाला सांगत होते की वहिनीने वाट दाखवली खरी, पण चाललो मी.

शेंडे खुडायला घेतलेत, पानांच्या बगलेत फुटलेले कोंबही मीच काढतेय. तिसऱ्या वेळचं खत उद्या-परवा घालायचं. माझ्या हातांची सालं निघालीत. ह्यांना दाखवले तर म्हणाले, शेण वाहायला काय हात लागतात?

परवा जेवताना हसत हसत म्हणाले की यंदा पारखी परत गेला तर तुझी पण ट्रंक बाहेर. मग स्वतःच खूप हसले. मीही हसले.

धाकटी


१७ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र वाचून दाखवू नकोस. वाचून झालं की चुलीत घाल.

तिसऱ्या वेळचं लाल खत घालू नकोस. घातलं असशील तर पाणी सोड, भरपूर सोड, दिवसभर वाहू दे. वाळू आहे, जे आहे ते खाली धुऊन जाईल. अजून पानं झाडावर आहेत, निम्मी तरी वाचतील.

मी तुम्हाला फसवलं. लाल पोटॅशमध्ये मीठ असतं. तंबाखूने ते खाल्लं की पान मोठं होतं, देखणं दिसतं, आणि पेटत नाही. वाळवणीत ओल धरून बसतं. पारखी काडी लावेल आणि पान विझेल. एकदा विझलेलं पान बघितलं की तो त्या घराचा माल पुन्हा हातात घेत नाही, हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच लिहिलं. पांढरं तेवढं चालतं. खतवाला बरोबर होता.

मला त्याला बुडवायचं होतं. खोटं कशाला बोलू, आधी तुलाही बुडवायचं होतं. ट्रंकेची कडी लावणारी ती बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पण तुझ्या हातांची सालं निघाली, हे वाचलं आणि ताट बाजूला सारून मी लिहायला बसले. माझे हात तसेच झाले होते, तेव्हाही तो हेच म्हणाला होता, शब्दसुद्धा बदलला नाही मेल्याने. पीक गेलं की तो घर विकणार नाही, तुला हाकलेल. खड्डा त्याच्यासाठी खणला आणि त्यात तू पडणार.

म्हणून पाणी सोड. आज सोड. त्याच्यावरचा राग मी गिळते कसातरी.

थोरली


१० मार्च

वहिनी,

उत्तराला एवढे दिवस लावले, रागावू नका. विक्री होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मी पाणी सोडलं नाही. तिसऱ्या वेळचं खत तुमचं पत्र आल्यानंतर घातलं, उरलेली सगळी पोती रिकामी केली.

मला आधीपासून ठाऊक होतं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी लाल पोतं गाडीतून आणलं होतं. तुम्ही गाडीच्या आडव्या उभ्या राहिलात, ते उतरू दिलं नाहीत, आणि मिठाने पान का पेटत नाही ते त्यांना चुलीपाशी नेऊन करून दाखवलंत. मी मागे पाण्याची कळशी घेऊन उभी होते. तुमच्या लक्षात राहिलं नाही, आणि ह्यांनी तर कधी शेताकडे बघितलंच नाही. तुमचं ऑगस्टचं पत्र उघडलं आणि लाल वाचलं, तेव्हा कळलं की तुम्हाला काय हवंय. मलाही तेच हवं होतं. ह्यांच्या मनात शंका आली तेव्हा तुमच्याकडून दुसऱ्यांदा लिहून घेतलं ते त्यासाठीच. तुम्ही मला बावळट समजलात, बरं झालं.

आता विक्रीचं सांगते. वाळवणीच्या खोलीत पान वाळेचना. हात लावला की दमट. रंग सोनेरी यायचा तिथे चिखलासारखा आला. ह्यांनी त्यातल्या त्यात बरी पानं वर रचली आणि अंगणात खुर्च्या मांडल्या. शेजारचे, बाजारातले, सगळे बोलावले. पारख्याने एक पान घेतलं, कडेला काडी लावली, ज्योत फुंकली आणि लाल कडेकडे बघत बसला. विझली. दुसरं घेतलं, तेही विझलं. मग त्याने काड्यापेटी ह्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुम्हीच पेटवा."

हे पेटवत राहिले, वहिनी. सगळ्यांच्या समोर, एकामागून एक, अख्खी पेटी संपेपर्यंत. खतवालाही आला होता, तो खाली मान घालून उभा होता. मी दारातच होते, आणि एक अक्षर बोलले नाही. पारखी उठला आणि या घरी पुन्हा येणार नाही, असं सांगून गेला.

तुम्ही हुकाचं लिहिलं होतंत. भट्टीचे ट्रक आले तेव्हा माणसं कमी पडली, म्हणून ह्यांनी मला टोपल्या भरायला लावल्या. मला सातवा महिना होता. शेतातच पोट दुखायला लागलं. मुलगी झाली, रडलीच नाही. शेताच्या वरच्या कोपऱ्यात, तुम्ही राख टाकायच्या तिथे तिला पुरलं. मी आठ दिवस माहेरी जाऊन आले तर तो कोपरा खणून नेलेला. मी विचारलं. हे म्हणाले, "माती ती माती. ट्रक अर्धा कसा पाठवायचा?"

या घराच्या कुठल्या भिंतीत ती आहे, मला माहीत नाही. मी रोज सगळ्या भिंती पुसते. म्हणून पाणी सोडलं नाही.

तुम्हाला वाटलं तसं मला हाकललेलं नाही अजून. ह्यांना अजून काहीच कळलेलं नाही. पारख्याला खतवाल्याने पैसे चारले, असं म्हणतात. एवढं मोठं पान कसं वाईट असेल, असं दिवसातून दहादा विचारतात. पुढच्या वर्षी लांबचा खरेदीवाला आणायचा आणि कर्ज काढून पुन्हा तंबाखूच लावायचा, असं चाललंय. आत्ता आतून ओरडून सांगतायत की वहिनींना विचार, काय कमी पडलं.

काय सांगू?

धाकटी


१८ मार्च

भाऊजींस,

नमस्कार. हे पत्र तुमच्यासाठी आहे. धाकटीने सगळं, एक शब्द न गाळता वाचून दाखवावं.

यंदाचं ऐकून वाईट वाटलं. एवढी मेहनत, एवढं देखणं पान, आणि शेवटच्या घटकेला असं व्हावं. मी पुष्कळ विचार केला. माझंच चुकलं. उपाशी जमिनीला किती भूक असते याचा अंदाज मला आला नाही. लाल खत कमी पडलं.

पुढच्या वर्षी दुप्पट घाला. दुसरं कुठलंही पीक घेऊ नका, घरची सगळी जमीन तंबाखूखाली आणा. खतवाल्याचं ऐकू नका, तो तुमच्या वाईटावर आहे. आणि या वेळी खत स्वतःच्या हाताने घाला. बाईमाणसाच्या हातून घातलेलं सारखं पडत नाही. हाताला झोंबेल, पण सालं निघाली की समजा खत लागू पडलं.

लांबच्या खरेदीवाल्यालाही अंगणातच बोलवा, चार माणसांत. पानं तुम्ही स्वतः पेटवून दाखवा.

एकच गोष्ट पत्रात लिहून येण्यासारखी नाही. वाळवणीच्या वेळी खोलीचा ताव कसा राखायचा, ते हाताला धरूनच शिकवावं लागतं. मी येऊ शकत नाही, मुकादम सुट्टी देत नाही. तेव्हा धाकटीला माझ्याकडे पाठवा. चार कपडे लागतील, तर तिची ट्रंक बरोबर द्या. ती उचलून गाडीपर्यंत तुम्हीच न्या, तिचे हात अजून बरे झाले नसतील.

तिकीट फक्त येण्याचं काढा. शिकायला किती दिवस लागतील, ते आत्ता सांगता येत नाही.

तुमची वहिनी